बास्केटबॉलचे जनक डॉ. जेम्स नेस्मिथ

कुस्तीचा पहिला डाव कोणीं टाकला, हुतूतूची रेघ पहिल्यानें कोणीं ओढली, विटीदांडू कोणाच्या डोक्यांतून निघाला, हें आज कोणालाहि सांगतां यावयाचें नाहीं. बहुतेक खेळ नदीसारखे असतात. त्यांचें मूळ शोधूं गेल्यास तें रानांत कोठें तरी नाहींसें होतें. बास्केटबॉल मात्र याला अपवाद आहे. तो एका माणसानें, एका ठराविक गांवीं, एका ठराविक महिन्यांत, विचार करून निर्माण केला. त्या गृहस्थांचें नांव डॉ. जेम्स नेस्मिथ. त्यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं वाचावें याचें कारण एवढेंच नव्हे कीं त्यांनीं एक खेळ शोधून काढला. शक्ति आणि सभ्यता या दोहोंचा एका अंगणांत मेळ बसूं शकेल काय, हा प्रश्न त्यांनीं जन्मभर उराशीं बाळगला, आणि त्याचें उत्तर पुस्तक लिहून नव्हे तर खेळ रचून दिलें.

जेम्सचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजीं कॅनडा देशाच्या ओंटॅरिओ प्रांतांत आल्माँट गांवाजवळ झाला. घराणें मूळचें स्कॉटलंडचें, कष्टाळू व धर्मभीरु. मुलगा सुमारें नऊ वर्षांचा असतांनाच १८७० सालीं विषमज्वराच्या सांथींत त्याचे आईबाप थोड्याच दिवसांच्या अंतरानें निवर्तले. थोरली बहीण अॅनी, जेम्स आणि धाकटा भाऊ रॉबी अशीं तीन पोरकीं मुलें मागें राहिलीं. पुढें पीटर नांवाच्या मामानें त्यांचा सांभाळ केला. मामा कडक शिस्तीचा होता. नांगर धरणें, लांकडें तोडणें, बर्फांतून घोडे हांकणें हीं कामें जेम्सला लहानपणींच करावीं लागलीं. आणि अडचण आली तर ती ज्याची त्यानें सोडवावी, असा त्या घरचा रिवाज होता.

तेथील मुलें सायंकाळीं एक खेळ खेळत. आपल्याकडील लगोरीची आठवण व्हावी असा तो खेळ होता. एका मोठ्या खडकावर एक लहान दगड ठेवावयाचा; त्याला बदक म्हणत. एका मुलानें त्याची राखण करावयाची व इतरांनीं दूरवरून दगड फेंकून तें बदक पाडावयाचें. नेम चुकला तर आपला दगड परत आणतांना राखणदाराच्या हातीं लागण्याची भीति असे. जो मुलगा सारा जोर लावून सरळ दगड भिरकावी, त्याचा दगड फार दूर जाई, आणि तो आणतांना तो पकडला जाई. जो हलक्या हातानें, कमानीसारखा उंच दगड टाकी, त्याचा दगड खडकाजवळच पडे व तो सुखरूप परत येई. जोरापेक्षां नेम व नजाकत श्रेष्ठ ठरते, ही गोष्ट जेम्सच्या मनांत तेव्हांपासून रुजून राहिली.

पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्यानें शाळा सोडली आणि तो जंगलांत लांकूडतोड्यांबरोबर काम करूं लागला. चार-पांच वर्षें अशीं गेल्यावर मात्र त्याला आपल्या मार्गाचा पुनर्विचार करावासा वाटला. वयानें आपल्याहून लहान असलेल्या मुलांच्या शेजारीं बसण्याची लाज न धरतां तो पुन्हां शाळेंत गेला, परीक्षा उतरला, आणि १८८३ सालीं माँट्रिऑल येथील मॅगिल विद्यापीठांत दाखल झाला. १८८७ सालीं पदवी मिळवून धर्मोपदेशक होण्याच्या हेतूनें त्यानें तेथील प्रेस्बिटेरियन कॉलेजांत धर्मशास्त्राचा अभ्यास आरंभिला.

येथेंच त्यांच्या आयुष्यांतील खरा झगडा सुरू झाला. नेस्मिथ अभ्यासांत हुशार होते, त्याचप्रमाणें रग्बी, लॅक्रॉस व कसरत यांतहि तरबेज होते. धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यानें दांडगाईच्या खेळांत भाग घ्यावा हें त्यांच्या पुष्कळ मित्रांना रुचत नसे. पुढें त्यांनीं उपदेशकाचा मार्ग सोडला, ही गोष्ट तर बहिणीच्या मनाला फारच लागली. परंतु एका सामन्यांत एक लहानसा प्रसंग घडला. शेजारच्या एका खेळाडूच्या तोंडून रागाच्या भरांत शिवी बाहेर पडली. लागलीच त्याचें लक्ष नेस्मिथकडे गेलें आणि त्यानें ओशाळून त्यांची क्षमा मागितली. नेस्मिथनीं त्याला कधीं एका शब्दानेंहि उपदेश केलेला नव्हता. व्यासपीठावरून जें साधत नाहीं तें कधीं कधीं मैदानावर नुसत्या सहवासानें साधतें, असें त्यांना उमगलें. १८९० सालीं धर्मशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा करून ते अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील स्प्रिंगफील्ड येथें यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या शिक्षण-शाळेंत गेले आणि पुढें तेथेंच शिक्षक झाले.

१८९१ चा हिंवाळा आला. पानगळींत फुटबॉल व वसंतांत बेसबॉल. मधले बर्फाचे महिने मात्र मुलांना दिवाणखान्यांत कवायत करीत काढावे लागत. एका वर्गांतील १८ तरुण या कवायतीला इतके कंटाळले होते कीं दोन शिक्षकांनीं त्यांच्यापुढें हात टेंकले. तेव्हां विभागाचे प्रमुख डॉ. ल्यूथर गुलिक यांनीं तो वर्ग नेस्मिथ यांच्या स्वाधीन केला आणि छपराखालीं खेळतां येईल असा नवा खेळ शोधण्यास त्यांना १४ दिवसांची मुदत दिली.

प्रथम त्यांनीं मैदानी खेळच आंत आणून पाहिले. फुटबॉलमध्यें मुलें फरशीवर आदळूं लागलीं, दुसऱ्या एका प्रयोगांत खिडक्यांच्या कांचा धोक्यांत आल्या, आणि लॅक्रॉसच्या काठ्यांनीं हातापायांस इजा होऊं लागली. मुदत संपत आली. तेव्हां नेस्मिथ स्वस्थ बसून गणित सोडवावें तसे विचार करूं लागले. खेळांत दांडगाई कां होते? चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडावें लागतें म्हणून. मग चेंडू घेऊन पळूंच दिलें नाहीं तर? मग त्याला पाडण्याचें कारणच उरत नाहीं. त्यानें उभ्या जागेवरून चेंडू दुसऱ्याकडे दिला पाहिजे. गोलापाशीं इतक्या जोरानें चेंडू कां मारतात? गोल उभा व जमिनीलगत असतो म्हणून. मग तो आडवा करून डोक्यांच्या वर टांगला तर? मग जोराचा उपयोग नाहीं. चेंडू कमानीनें हळूच टाकावा लागेल. येथें खडकावरचें तें बदक त्यांच्या मदतीला धांवून आलें.

दुसरे दिवशीं त्यांनीं इमारतीची देखरेख करणाऱ्या गृहस्थाकडे दीड फुटाच्या दोन पेट्या मागितल्या. पेट्या नव्हत्या, पीचच्या फळांच्या दोन टोपल्या मात्र होत्या. त्या दोहों बाजूंच्या सज्जांना ठोकल्या. सज्जाची उंची १० फूट होती, आणि आजतागायत जगभर टोपलीची उंची १० फूटच राहिली आहे. १३ नियम लिहून भिंतीवर लावले आणि १८ जणांचे ९-९ चे दोन संघ केले. २१ डिसेंबर १८९१ रोजीं पहिला सामना झाल्याचें मानतात. त्यांत सबंध वेळांत एकच गोल झाला. पण जो वर्ग कवायतीला कंटाळला होता, त्याला आतां खेळ आवरतां घ्या म्हणून सांगावें लागलें! फ्रँक मेहॅन नांवाच्या विद्यार्थ्यानें खेळाला शिक्षकांचेंच नांव द्यावें अशी सूचना केली. नेस्मिथनीं ती हंसून नाकारली. मग टोपली व चेंडू यांवरून बास्केटबॉल हें नांव पडलें. १५ जानेवारी १८९२ रोजीं शाळेच्या पत्रांत नियम प्रसिद्ध झाले आणि खेळ दूरदूर पसरूं लागला. आपल्या देशाशींहि त्या शाळेचें नातें आहे. तेथें शिकलेले हॅरी क्रो बक यांनीं १९२० सालीं मद्रास येथें शारीरिक शिक्षणाची संस्था काढून अनेक शिक्षक तयार केले.

आतां या १३ नियमांतील एका नियमाकडे थोडें बारकाईनें पाहूं. प्रतिस्पर्ध्याला खांदा मारणें, धरणें, ढकलणें, पाय घालून पाडणें हें सर्व नेस्मिथनीं पांचव्या नियमानें निषिद्ध ठरविलें. वरवर पाहतां हा नुसता मनाईचा नियम आहे. परंतु त्यांतून एक सुंदर विद्या जन्मास आली. माझ्या संघांतील गडी जर एका जागीं निश्चल उभा असेल, तर प्रतिस्पर्ध्याला त्याला ढकलून पुढें जातां येत नाहीं. त्याला वळसा घालावा लागतो. तेवढ्या एका क्षणांत दुसरा गडी मोकळा होतो. अशा आडव्या उभ्या राहण्याला खेळाडू स्क्रीन म्हणतात. १९११ पासून विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संघाला शिकविणारे डॉ. वॉल्टर मीनवेल यांनीं आंखूड पास, एकमेकांना छेदून जाणाऱ्या धांवा व स्क्रीन यांची पद्धतशीर जुळणी केली, आणि पहिल्याच मोसमांत त्यांचा संघ एकदांहि हरला नाहीं.

शाळेच्या संघालाहि असे साधे डाव सहज रचतां येतात. त्यांचीं तत्त्वें थोडींच आहेत. स्क्रीन करणाऱ्यानें पाय खांद्यांइतके फांकून, हात अंगाशीं धरून, पुतळ्यासारखें उभें राहावें. अंग, कोपर किंवा गुडघा हलवून कोणाला अडविल्यास तो गुन्हा होतो. ज्याला अडवावयाचें तो समोर पाहत असेल तर अंगाला न लागतां अगदीं जवळ उभें राहतां येतें. त्याची पाठ असेल तर त्याला एक पाऊल टाकण्याइतकी जागा ठेवावी, आणि तो धांवत असेल तर त्याहून अधिक. मोकळा होणाऱ्यानें घाई करूं नये. स्क्रीन पुरतें उभें राहीपर्यंत थांबावें, आधीं एक-दोन पावलें उलट दिशेला टाकून आपल्या पहारेकऱ्याला चकवावें, आणि मग स्क्रीन करणाऱ्याच्या खांद्याला खांदा घांसेल इतक्या जवळून निघावें. दोघांच्या मधें फट राहिली तर पहारेकरी तिच्यांतून निसटतो आणि सारी मेहनत फुकट जाते.

पहिला डाव दोघांचा. अ जवळ चेंडू आहे. ब हा अ च्या पहारेकऱ्याच्या बाजूला येऊन उभा राहतो. अ चेंडू जमिनीवर आपटीत ब च्या खांद्याजवळून टोपलीकडे निघतो. पहारेकरी अडकला तर अ ला वाट मोकळी आहे. ब चा पहारेकरी अ ला थोपविण्यास पुढें सरसावला तर ब नें अडकलेल्या पहारेकऱ्याला पाठीशीं घालून व चेंडूकडे तोंड ठेवून वळावें आणि टोपलीकडे धांवावें. अ त्याला पास देईल. अ चा पहारेकरी स्क्रीनच्या मागून वळसा घालूं लागला तर अ नें तेथेंच थांबून चेंडू टाकावा. म्हणजे एकाच डावांत तीन वाटा आहेत. त्यांपैकीं कोणती घ्यावयाची हें समोरच्यानें काय केलें यावरून ठरतें.

दुसरा डाव तिघांचा. अ मध्यभागीं, ब उजवीकडे व क डावीकडे. अ नें ब ला पास द्यावा. बहुतेक मुलें अशा वेळीं चेंडूमागें धांवतात. अ नें तसें न करतां उलट बाजूला जावें व क च्या पहारेकऱ्यासमोर स्क्रीन करावें. क डावीकडे एक पाऊल टाकल्याचें भासवून एकदम टोपलीकडे सुटतो आणि ब त्याला चेंडू देतो. पहारेकऱ्यांनीं आपसांत अदलाबदल केली तर अ नें चेंडूकडे वळावें. तोच मोकळा सांपडतो. हा डाव प्रथम पहारेकऱ्यांवांचून चालत चालत करावा, मग धांवत, आणि शेवटीं पहारेकऱ्यांसह. पांच डाव अर्धवट येण्यापेक्षां हे दोन पक्के येणें बरें.

गंमत अशी कीं, खुद्द नेस्मिथ यांचा असले डाव शिकविण्यावर फारसा विश्वास नव्हता. डेन्व्हर येथें नोकरी करीत त्यांनीं वैद्यकाची पदवी घेतली आणि १८९८ सालीं ते कॅन्सस विद्यापीठांत प्रार्थनामंदिराचे व शारीरिक शिक्षणाचे अधिकारी म्हणून गेले. तेथें ९ मोसम त्यांनीं संघाची देखरेख केली. त्यांत ५५ सामने जिंकले व ६० हरले. त्या विद्यापीठाच्या प्रशिक्षकांत जयांपेक्षां पराजय अधिक पदरीं असलेले असे तेच एकटे. म्हणजे खेळाच्या जनकालाच हा मान मिळाला! त्यांचा शिष्य फॉरेस्ट अॅलन यास एका महाविद्यालयानें हा खेळ शिकविण्यास बोलाविलें तेव्हां त्यांना हंसूं आलें. हा खेळ शिकविण्याचा नसून खेळण्याचा आहे, असें त्यांचें मत होतें. अॅलननें गुरूचें ऐकलें नाहीं. १९०७ सालीं तो त्यांच्याच जागीं आला व पुढें आपल्या काळचा थोर प्रशिक्षक म्हणून गाजला.

या वादांत बरोबर कोण? आमच्या मतें दोघेहि. डाव मुळींच नसेल तर पांच गडी पांच दिशांना पळतात. आणि डाव इतका गुंतागुंतीचा असेल कीं खेळाडूला डोकें वापरावयासच नको, तर खेळ कवायत बनतो. ज्या कवायतीला कंटाळून तीं १८ मुलें बंड करून उठलीं होतीं, तीच पुन्हां दारानें आंत येते. म्हणून डाव साधा असावा, आणि त्यांतली शेवटची निवड खेळाडूच्या विवेकावर सोडलेली असावी.

नेस्मिथ यांची दृष्टि जयापजयापलीकडे होती याचा पुरावा त्यांच्या उत्तरायुष्यांत मिळतो. १९१६ सालीं त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. त्याच वर्षीं मेक्सिकोच्या सरहद्दीवर ते पलटणीबरोबर राहिले, आणि महायुद्धाच्या काळांत फ्रान्समध्यें जाऊन त्यांनीं सैनिकांची सेवा केली. १९३३ सालीं जॉन मॅक्लेंडन हा कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅन्सस विद्यापीठांत आला. वर्णभेदामुळें त्याला विद्यापीठाच्या संघांत खेळण्याची बंदी होती. ज्या खेळांत टोपलीखालीं सर्वांना एकच नियम, त्या खेळाच्या अंगणांत पाऊल ठेवण्यापूर्वीं मात्र माणसाच्या कातडीचा रंग पाहिला जात होता. नेस्मिथ यांचें वय तेव्हां सत्तरीपुढें गेलें होतें. त्यांनीं या मुलाला आपल्या छायेखालीं घेतलें, त्याला शिकविलें, आणि अडचणींत त्याच्या पाठीशीं उभे राहिले. मॅक्लेंडन १९३६ सालीं पदवीधर झाला. संघांत जागा न मिळालेला तो तरुण पुढें नामांकित प्रशिक्षक झाला आणि १९५७ ते १९५९ अशीं लागोपाठ तीन वर्षें त्याच्या संघानें राष्ट्रीय पातळीवरील अजिंक्यपद मिळविलें. स्वतः निश्चल उभें राहून दुसऱ्याला वाट करून देणें याचा याहून चांगला दाखला कोणता?

१९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांत बास्केटबॉलचा प्रथमच अधिकृत समावेश झाला. अमेरिकेंतील प्रशिक्षकांनीं वर्गणी जमवून आपल्या वृद्ध गुरूला तेथें पाठविलें. पहिल्या सामन्याचा चेंडू त्यांच्याच हातानें उडाला. अंतिम सामना अमेरिका व कॅनडा यांच्यांत झाला. एक त्यांनीं पत्करलेला देश, दुसरी त्यांची जन्मभूमि. उघड्यावरील मातीच्या अंगणांत धो धो पाऊस कोसळत होता, चिखलांत चेंडू उसळेना, आणि अमेरिका १९ विरुद्ध ८ गुणांनीं जिंकली. विजेत्यांना पदकें नेस्मिथनीं दिलीं. पोरक्या मुलांच्या एका सायंखेळांतून निघालेलें बीज राष्ट्राराष्ट्रांत वाढलेलें त्यांनीं डोळे भरून पाहिलें.

ज्या मॉड शर्मन स्प्रिंगफील्डला स्त्रियांच्या आरंभींच्या सामन्यांत खेळल्या होत्या आणि १८९४ सालीं त्यांच्या सहचारिणी झाल्या होत्या, त्या १९३७ सालीं वारल्या. २८ नोव्हेंबर १९३९ रोजीं लॉरेन्स गांवीं डॉ. नेस्मिथ यांनींहि देह ठेवला. त्यांनीं खेळावर मालकी सांगितली नाहीं, त्यापासून संपत्ति मिळविली नाहीं. त्यांच्या नांवाचें स्मारक-मंदिर स्प्रिंगफील्ड येथें आहे, आणि १९५९ सालीं त्यांत जे पहिले मानकरी निवडले गेले त्यांत त्यांच्याबरोबर गुलिक, मीनवेल, अॅलन आणि त्या पहिल्या वर्गांतील १८ विद्यार्थ्यांचा संघ यांचाहि समावेश झाला.

मुलांनो, सामना संपल्यावर फळ्यावर ज्यानें टोपलींत चेंडू टाकला त्याच्या नांवापुढें गुण लिहिले जातात. ज्यानें स्क्रीन करून त्याची वाट मोकळी केली, त्याचें नांव तेथें नसतें. पण संघांतील गड्यांना ठाऊक असतें कीं तो उभा राहिला म्हणून हा सुटला. घरांत, वर्गांत व गांवांतहि अशीं माणसें असतात. आईबाप तर बहुधा असेच असतात. पुढच्या वेळीं सोपी टोपली मिळाली, तर टाळ्या घेण्यापूर्वीं मागें वळून आपल्यासाठीं कोण उभें राहिलें होतें तें पाहा, आणि दुसऱ्या खेपेस त्याच्यासाठीं तुम्ही उभे राहा. डॉ. नेस्मिथ यांचा खेळ तुम्हांला खरा समजला असें तेव्हांच म्हणतां येईल.